देव नसल्याचा पुरावा

बुधाजीचं डोकं फिरलं होतं, आणि का फिरू नये? नाही देव, नाही देव म्हणून ज्यानं अकोल्याच्या जुन्या शहरात घसा कोरडा केला, त्याच बुधाजीच्या घरात मांडी घालून, त्याचाच चहा बशीत ओतत चांदूर रेल्वेचे होऊ घातलेले व्याही डोमाजी त्याला विचारत होते, "इवाई, तुमच्या घरी देव नाही, हे आमी कशावरून समजावं?"

आता सांगा! असल्या प्रश्नाला माणसानं काय उत्तर द्यावं?

बुधाजी कोर्टात पट्टेवाला होता. काम पुकाऱ्याचं. दारात उभं राहून तो असा आवाज टाकायचा, की झाडाखाली डुलक्या घेणारा वादी धोतर सावरत धावत यायचा. कोर्टाच्या दारात उभं राहून राहून बरंच काही कानावर पडतं. त्यातलं एकच वाक्य बुधाजीनं घट्ट धरलं होतं: ज्याचा दावा, त्याचा पुरावा. हे वाक्य त्यानं कुठं कुठं वापरलं नाही! भाजीवाली म्हणाली वांगी ताजी आहेत, तर म्हणे शाबीत कर. बायको मैना म्हणाली छप्पर गळतं, तर म्हणे कुठं गळतं ते दाखव, नुसतं बोलू नको. दाखवायला पाऊस हवा, आणि पावसात दाखवलं तर हा कोर्टात. मैनानं शेवटी स्वतःच वर चढून कवेलू सारखे केले.

छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन तो बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला आणि त्या वाक्याला नवी धारच चढली. रोज संध्याकाळी कोर्ट सुटलं की तो अब्दुल रहीम पिंजाऱ्याच्या दुकानात जाऊन बसायचा. रहीम गाद्या-रजया भरायचा. पाच वेळचा नमाजी, शांत माणूस. दाढीत कापूस अडकलेला. दोघांची दोस्ती लहानपणची, आणि भांडण दीक्षेपासूनचं.

"रहीमभाई, तू म्हनतं अल्ला हाय. मंग कर शाबीत."

"तू म्हनतं नाही. तूच कर."

"मी काहून करू? माहा दावाच नाही काही. तुह्या दुकानात वाघ हाय असं मी म्हनलं, तं वाघ मी दाखवाचा का तू?"

"तू दाखवाचा. पन तू म्हनलं वाघ नाही, अन् माह्या पोरीले आत जा म्हनलं, तं मी आंधी डोकावून पाहीन का नाही?"

"हे काही उत्तर नाही झालं!"

"नाही तं नाही. च्या घे."

असं रोज. कोणी हरायचं नाही, कोणी जिंकायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ललिताच्या लग्नाची गादी मीच भरणार, असं रहीमनं कधीचं सांगून ठेवलं होतं आणि त्यासाठी चांगला लांब धाग्याचा कापूस बाजूला काढून ठेवला होता. वाद आपल्या जागी, पोरगी आपल्या जागी.

तर ते लग्न. ललिता बुधाजीची एकुलती एक लेक, सातवी पास. डोमाजींचा श्रावण चांदूरला शाळेत मास्तर. त्यानं ललिताला पाहिलं आणि आता दुसरी पाहायची नाही असं घरी सांगून टाकलं. ललिता तोंडानं काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून विहिरीवरून घागर आणताना गुणगुणायला लागली. मैनाला तेवढं पुरे होतं. आज डोमाजी चार माणसं घेऊन आले होते ते साक्षगंधाचा, साखरपुड्याचा दिवस धरायला. पोहे झाले, चहा आला, आणि डोमाजींची नजर गेली भिंतीतल्या देवळीकडे.

मातीच्या भिंतीतला तो कोनाडा. पूर्वी त्यात देव असत. आता देव नव्हते, पण घरात उंचावर सपाट जागा तेवढी एकच, म्हणून मैना तिथं रॉकेलची चिमणी ठेवायची. वर काजळी धरलेली, आणि मागच्या भिंतीत बुधाजीच्या आईच्या हयातभरचा शेंदूर मुरलेला. किती वेळा पांढऱ्या मातीनं पोतारलं, तरी आठ दिवसांत तो लालसर डाग पुन्हा वर यायचा.

"देव कुठी शिरवले?" डोमाजींनी विचारलं.

"मोर्नेत."

"सगळ्यायच्या संगं?"

"नाही. मी एकटाच गेल्तो."

"पाह्यलं कोनी?"

आणि इथंच घोडं पेंड खात होतं. गल्लीतल्या सगळ्या घरांनी आपापले देव एका रविवारी टोपल्यात भरून, डफडं वाजवत मोर्णा नदीवर नेले होते. एकमेकांच्या टोपल्यांत डोकावून पाहिलं होतं, नावं घेऊन घेऊन देव पाण्यात सोडले होते. त्या दिवशी बुधाजीच्या हातात टोपली नव्हती, कारण त्यानं आपले देव त्याआधीच शिरवले होते. नागपूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, कोर्टात जाता जाता, आईच्या वेळचे देवांचे चांदीचे टाक पिशवीत घातले आणि पुलावरून दिले भिरकावून. गल्लीतले लोक बोलवायला आले तेव्हा वर त्यांनाच सुनावलं, "देवच नाही, तं मिरवनूक कोनाची काढता?" तेव्हा फार थोर वाटलं होतं ते बोलणं. साऱ्या जन्मात दुसऱ्यांचे साक्षीदार पुकारणाऱ्या या माणसाला आपल्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या कामाला एक साक्षीदार न्यावासा वाटला नाही. काय म्हणावं याला!

"कोनी नाही पाह्यलं," बुधाजी म्हणाला. "पाहाचं काय त्यात?"

"तसं नाही इवाई. पन ह्या देवळीत दिवा हाय, शेंदूर हाय..."

"तो दिवा उजेडाले हाय! अन् शेंदूर माह्या मायचा हाय, निघत नाही तं काय भिंत पाडू?" बुधाजीचा पुकाऱ्याचा आवाज लागला. "डोमाजीभाऊ, तुमी म्हनता माह्या घरी देव हाय. ज्याचा दावा, त्याचा पुरावा. काढा शोधून! घ्या झडती!"

दाराआड मैनानं कपाळाला हात लावला.

डोमाजी काही तापले नाहीत. बशी खाली ठेवून ते म्हणाले, "मी हाय म्हनलंच नाही. मी फकस्त इचारून राह्यलो. झडती घिऊन का सोयरिक होते, इवाई? तुमाले माह्या शालूचं मालूम नसन, म्हनून राग आला."

मग त्यांनी शालूचं सांगितलं. शालू त्यांची थोरली मुलगी. अंजनगाव सुर्जीकडं दिली होती. त्या लोकांनीही हेच सांगितलं होतं, देव कधीचे शिरवले म्हणून. पोरगी नांदायला गेली आणि महिन्याभरात धान्याच्या कणगीत हात घातला तर खाली फडक्यात बांधलेले देव. सासू म्हणाली, पाया पड. शालू म्हणाली, मी दीक्षा घेतली आहे, मी नाही पडत. तिला उपाशी ठेवली, मारली, शेवटी हाकलून दिली. ती आता चांदूरला बापाच्या घरी होती.

"तवापासून म्या ठरवलं," डोमाजी म्हणाले. "घर पाहून घ्याचं, मंगच सोयरिक. दुधानं तोंड पोळलं इवाई, म्या आता ताकही फुकून पेतो. तुमी खोटे हा असं माह्यं म्हननं नाही. पन कोनी तरी एक मानूस आना, ज्यानं पाह्यलं. मी पंचायले काय सांगू?"

माणूस वाईट असता तर बुधाजीला बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं. पण डोमाजींचं म्हणणं कुठूनही धरा, निसटत नव्हतं. ते पाहुणे उठले, जयभीम म्हणाले, निरोप धाडतो म्हणाले आणि स्टेशनकडे निघून गेले. पोहे खाऊन झाल्यावरचा तो निरोप काय असतो, ते वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बुधाजी शेजारच्या देवमनच्या ओट्यावर जाऊन बसला. त्याला पक्कं आठवत होतं, त्या सकाळी देवमन दारात दात घासत होता.

"देवमन, त्या दिवशी तू मले पिशवी घिऊन जाताना पाह्यलं होतं ना?"

"पाह्यलं होतं."

"मंग झालं तं! चांदूरले चाल माह्यासंगं. एवढंच सांग."

"पिशवी पाह्यली, बुधाजी. पिशवीत काय होतं ते मी कसं सांगू?"

"अरे, देव होते!"

"तू म्हनतं म्हनून होते. मी कुठी पाह्यले?" देवमन नजर चुकवून म्हणाला. "जाऊ दे ना. जुनी गोष्ट झाली."

बुधाजीला वाटलं, आपलं डोकं या ओट्यावर आपटून घ्यावं. हेच! हेच तर तो रोज रहीमला सांगत होता. तू म्हणतोस म्हणून आहे, पाहिलं कुणी? तेच वाक्य आता गल्लीतला प्रत्येक माणूस त्याच्या तोंडावर फेकत होता, आणि तेही असं सौम्यपणे, की चिडायचीही सोय नाही.

घरी ललिताचं गुणगुणणं बंद झालं होतं. ती भांडी घासायची ती अशी, की भांड्यांचा जीव जावा. एके संध्याकाळी तिनं हात धुतले आणि बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुमी चांदूरले जा. त्यायच्यापुढं हात जोडा."

"हात काहून जोडू? मी काय गुन्हा केला?"

"नाही केला. तुमचं खरं हाय. पन तुमच्या खऱ्यानं माह्यं लगन मोडून राह्यलं, त्याचं काय?"

"मोडत नाही. त्यायनं शाबीत करावं का देव हाय..."

"त्यायले काय पडलं शाबीत कराचं?" ललिताचा आवाज चिरकला. "त्यायले दुसऱ्या पोरी भेटतीन बाबा! मले दुसरा श्रावन कुठून भेटन?"

असं बापापुढं नाव घेऊन ती कधी बोलली नव्हती. बोलली आणि आत पळाली. बुधाजीला डोमाजींचा राग आला, देवमनचा राग आला, आणि सगळ्यांत जास्त त्या चांदीच्या टाकांचा राग. होते तेव्हा काही दिलं नाही त्यांनी, आणि आता नाहीत तर पोरीचं लग्न अडवून बसलेत!

आणि मग त्याच्या डोक्यात आलं, की वैशाख चालू आहे आणि मोर्णा आटली आहे.

रविवारी सकाळी बुधाजी टिकास आणि घमेलं घेऊन नदीत उतरला. पुलाखाली मधोमध एक डबकं उरलं होतं, त्यात म्हशी बसल्या होत्या. बाकी सगळी वाळू, गाळ आणि चिंध्या. त्यानं पुलावर पाहिलं, आपण कुठं उभे होतो त्याचा अंदाज घेतला आणि खणायला लागला. एक टाक सापडला, एकच, तरी बस! नेऊन ठेवला असता डोमाजींच्या पुढ्यात. ऊन चढलं. हाताला फोड आले. फुटकी चिलीम निघाली, बैलाच्या गळ्यातली घंटी निघाली, एक मेलेला खेकडा निघाला. मधल्या पावसाळ्यांत मोर्णेला किती पूर येऊन गेले! ते टाक काय त्याच्यासाठी जागा धरून बसणार होते?

डबक्यावर धुणं धुणाऱ्या बायका बराच वेळ पाहत होत्या. शेवटी एकीनं विचारलं, "काय हरपलं गा भाऊ?"

"देव!" बुधाजी खेकसला.

झालं! करायला गेला गणपती, झाला मारुती. बायकांची धुणी घरी पोचायच्या आत बातमी पोचली. बुधाजी पट्टेवाला मोर्णेत देव शोधून राह्यला! ज्यानं देव नाही म्हणून साऱ्या गावाशी वैर घेतलं तो भर उन्हात खणून खणून देव शोधतो, हे ऐकून जुन्या शहरात लोक पोट धरून हसले. पुलावर माणसं उभी राहून पाहायला लागली. बुधाजीनं वर पाहिलं नाही.

दुपारकडे वाळूत पावलं वाजली. रहीम होता. पलीकडच्या वस्तीत गाद्या पिंजून परतत होता, खांद्यावर पिंजण. त्यानं ते खाली ठेवलं, बुधाजीजवळ उकिडवा बसला आणि मातीच्या सुरईतलं पाणी त्याला दिलं. हसला नाही.

"भेटले?"

"नाही."

"नाही भेटाचे. चाल घरी, ऊन लागन."

बुधाजी पाणी प्यायला. मग त्यानं रहीमचा हात धरला. "रहीमभाई, एक काम कर. तुह्या बोलन्याले साऱ्या गावात किंमत हाय. चांदूरले चाल. म्हन का मी त्या दिवशी बुधाजीसंगं पुलावर होतो. देव पान्यात पडताना म्या पाह्यले."

"मी नव्हतो, बुधाजी."

"मले मालूम हाय नव्हता! म्हन्याले काय जाते?"

"झूठी गवाही मी नाही देत."

"म्हंजे तुहा माह्यावर भरोसा नाही."

"भरोसा सोळा आने हाय. तू म्हनतं शिरवले, तं शिरवले. पन भरोसा अलग अन् गवाही अलग. तूच कोर्टात राह्यतं, तुले काय सांगू?"

बुधाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुलावर माणसं उभी आहेत, घरी पोर रडते आहे, हातातून रक्त येतं आहे, आणि हा माणूस आपल्यालाच कोर्ट शिकवतो!

"अलग?" तो ओरडला. "रोज पाच टाइम उभा राहून गवाही देतं का अल्ला एक हाय. पाह्यला कधी? तठी न पाह्यता गवाही चालते, अन् माह्या पोरीच्या लगनाले पाह्याच लागते?"

पुकाऱ्याचा आवाज तो. पुलावरच्या प्रत्येक माणसाला ऐकू गेला. रहीमचा चेहरा एकदम उतरला. तीन वर्षं दोघं भांडत होते, पण चार भिंतींच्या आत, चहाच्या कपावर. असं रस्त्यावर, साऱ्या गावासमोर, बुधाजीनं त्याच्या नमाजाला कधी हात घातला नव्हता. रहीमनं पिंजण उचललं आणि वाळूतून हळूहळू निघून गेला. सुरई तिथंच राहिली.

बुधाजीला लगेच वाईट वाटलं. वाटलं, पण हाक मारली नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि आता ती जीभ लोखंडाची झाली होती.

पुढचे दिवस फार वाईट गेले. कोर्ट सुटलं की पाय आपोआप पिंजाऱ्याच्या दुकानाकडे वळायचे आणि कोपऱ्यावरून परत फिरायचे. एकदा त्यानं पाहिलं, तर दुकानाला कुलूप होतं. रहीमचं दुकान संध्याकाळी कधी बंद नसे. आजारी पडला असेल का, विचारावं का, असं मनात आलं. विचारलं नाही. कोर्टात पुकारा करताना एकदा त्यानं वादीच्या जागी प्रतिवादीचं नाव पुकारलं आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

आणि मग एका सुटीच्या दुपारी, काही निरोप नाही, काही नाही, डोमाजी दारात हजर! हातात साखरेचा पुडा.

"इवाई, येत्या ऐतवारी साक्षगंध," ते म्हणाले आणि पुडा मैनाच्या हातात दिला.

मैना दारातच खाली बसली. ललिता आत होती, तिच्या हातातलं काहीतरी खणकन पडलं. बुधाजीला काही कळेना.

"पन... साक्षीदार?"

"आला होता ना तुमचा मानूस. अब्दुल रहीम."

"रहीम?" बुधाजी उठून उभा राहिला. "काय सांगतलं त्यानं?"

डोमाजी ऐसपैस बसले. त्या दिवसाच्या आठवणीनं त्यांना हसू येत होतं. "मी इचारलं, तुमी पाह्यले का देव पान्यात पडताना? तं म्हने, नाही. मी म्हनलं, मंग आले कायले? तं म्हने, तुमच्या इवायाची तक्रार घिऊन आलो. म्हने, तीन साल झाले, हा मानूस रोज संध्याकाळी माह्या दुकानात येते, माहा च्या पेते, अन् माह्या खुदाले नाही म्हनते. काम करू देत नाही. परवा तं भर नदीत, साऱ्या दुनियेसमोर मले बोलला. म्हने, ज्याले माह्यावाला देव सहन होत नाही तो सोतावाला कायले लपवून ठेवन? अन् घरी लपवला असता तं एवढ्या जोरानं बोलला नसता. चोर हळू बोलते." डोमाजींनी मांडीवर थाप मारली. "मी शालूले बलावलं. म्हनलं, बाई, तुह्या सासरचे कसे बोलत होते? तं म्हने, गोड बोलत होते बाबा. लय गोड. आमी मंग पंचायले इचारलंच नाही."

सोन्यासारखी गोष्ट झाली होती. कोणताही शहाणा माणूस इथं गप्प बसला असता, साखर तोंडात टाकली असती. पण बुधाजी! त्याच्या कपाळाला आठ्या.

"पन डोमाजीभाऊ, हा काही पुरावा नाही झाला," तो म्हणाला. "त्यानं पाह्यलं कुठी? मी जोरानं बोलतो म्हनून माह्या घरी देव नाही? हे तं कोनत्याही कोर्टात..."

दारातून मैनानं असा खाकरा काढला की बाहेरचं कुत्रं उठून गेलं.

"इवाई," डोमाजी शांतपणे म्हणाले, "तुमाले लगन पाह्यजे का निकाल?"

"लगन," मैना दारातूनच म्हणाली.

डोमाजींना गाडीत बसवून बुधाजी स्टेशनवरून तडक रहीमच्या दुकानात गेला. दुकान उघडं होतं. रहीम कापूस पिंजत होता, त्याच ललिताच्या गादीसाठी ठेवलेला. बुधाजी नेहमीच्या जागी बसला.

"रहीमभाई, त्या दिवशी मी नाही ते बोललो," तो म्हणाला. "माफ कर."

"बोलला तं बोलला." रहीमनं हात थांबवला नाही. "दुखलं. झूठ नाही सांगत. तवापासून इचार करून राह्यलो का तुले जवाब काय द्याचा. अजून सुचला नाही. सुचला का सांगीन."

"अन् चांदूरले गेला तो?"

"तो जवाब नव्हता. ते ललिताचं काम होतं. च्या मागवू?"

चहा पिऊन बुधाजी घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. ललिता देवमनकडं साखर वाटायला गेली होती, तिचं हसणं इकडं ऐकू येत होतं. मैना चुलीपाशी भाकरी थापत होती. बुधाजी तिच्यासमोर पाटावर बसला. सगळं चांगलं झालं होतं, आणि तरी त्याचं समाधान होत नव्हतं.

"म्हंजे शाबीत काहीच झालं नाही," तो म्हणाला. "डोमाजीनं रहीमवर भरोसा ठेवला. रहीमनं माह्यावर ठेवला. पाह्यलं कोनीच नाही. अन् लगन ठरलं. हे काय काम झालं का?"

"मी तरी कुठी पाह्यलं?" मैना म्हणाली.

"तू? तुले तं मालूमच होतं!"

"काय मालूम होतं? मी कापसाच्या जिनात कामावर गेल्ती. आली, तं देवळी रिकामी. तुमी म्हनले शिरवले. मी म्हनलं, बरं."

एवढ्या दिवसांत, एवढ्या लोकांना विचारत फिरताना, या बाईला काही विचारावं असं बुधाजीच्या मनातही आलं नव्हतं.

"अन् तुह्या मनात कधी काही आलं नाही?"

"आलं ना." मैनानं भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "विहिरीवर बाया म्हनत. चांदीचे टाक कोनी पान्यात टाकते का, म्हनत. बुधाजीनं सराफ्यात नेऊन इकले. त्याच दिवाळीले तुमी सायकल आनली होती."

बुधाजीच्या कानाखाली कोणीतरी वाजवल्यासारखं झालं. सायकल! ती मोडकी सायकल त्यानं कोर्टातल्या कारकुनाकडून घेतली होती, वर्षभर पगारातून फेडली होती. आता कळलं देवमन नजर का चुकवत होता. साऱ्या गल्लीला माहीत होतं. साऱ्या गल्लीनं तीन वर्षं त्याला चोर म्हटलं होतं, आणि तो त्याच गल्लीतून छाती काढून पुरावा मागत फिरत होता.

"तू काय म्हने त्या बायायले?"

"म्हनत होती, आमचे मालक भांडतीन, पन इकनार नाही. काही बाया आयकत, काही हसत."

"अन् मले काहून नाही इचारलं?" त्याचा आवाज फुटला. "एका शब्दानं इचाराचं होतं मैना! मी सांगतलं असतं!"

"इचारलं असतं तं तुमी म्हनले असते, शाबीत कर."

म्हणालाच असता तो. शंभर टक्के म्हणाला असता. चुलीपुढं असाच बसून, बोट वर करून, याच आवाजात. त्याला स्वतःचीच एवढी लाज वाटली, की धुरानं डोळ्यांत पाणी आलं आहे असं दाखवायलाही तो विसरला.

"मंग आता इचार," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाद घालायचा नव्हता, नुसतं उत्तर द्यायचं होतं. "इकले का म्हनून इचार मले. मैना, एकदा इचार ना."

मैनानं भाकर उलटली. ती चांगली फुगेपर्यंत थांबली. मग तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"नाही इचारत," ती म्हणाली, आणि दाराकडं तोंड करून तिनं ललिताला जेवायला हाक मारली.